मोहाचें फूल आणि सरकारचा परवाना

मद्य हा विषय सुशिक्षित घरांत फारसा बोलला जात नाहीं. बोलला गेलाच, तर तो नीतीचा किंवा आरोग्याचा विषय म्हणून. परंतु मद्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती राज्यकारभाराची आहे. मद्य कोणीं करावें, कोणीं विकावें आणि त्यावरचा कर कोणीं घ्यावा, हे प्रश्न राजसत्तेनें फार प्राचीन काळापासून आपल्या हातीं घेतलेले दिसतात. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत हा इतिहास विशेष स्पष्टपणें वाचतां येतो. कारण त्याचा साक्षीदार तेथें शेताच्या बांधावर आणि पाड्याच्या तोंडाशीं अजून उभा आहे. तो साक्षीदार म्हणजे मोहाचें झाड.

कल्याण सोडून ईशान्येकडे गेलें म्हणजे शहापूर लागतें; पूर्वेकडे वळलें म्हणजे मुरबाड. शहापूर तालुक्याच्या टोकाला कसारा, आणि तेथून थळ घाट चढून नाशिकचें पठार. मुरबाडच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत, आणि त्या भिंतींत माळशेज व नाणेघाट या दोन वाटा. घाटाखालच्या या मुलुखांत खोलगट जमिनींत भात पिकतें, उतारावर नाचणी व वरी. कुणबी व आगरी यांच्या गांवांबरोबरच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली यांचे पाडे येथें विखुरलेले आहेत. पाऊस मुबलक पडतो. परंतु तो गेला कीं डोंगर कोरडे पडतात, आणि उन्हाळ्यांत हंड्याभर पाण्यासाठीं बायकांना लांबवर चालावें लागतें. अशा कोरड्या दिवसांतच मोह फुलतो.

मोहाला संस्कृतांत मधूक हें नांव आहे. शिशिरांत त्याचीं पानें झडतात, आणि फाल्गुनापासून चैत्रापर्यंत, नवी पालवी पुरती फुटण्याच्या आधीं, फांद्यांच्या टोकांशीं फुलांचे घोस लागतात. फूल पिवळसर पांढरें, मांसल आणि अतिशय गोड असतें. तें रात्रीं उमलतें आणि पहांटेच्या सुमारास आपोआप गळून पडतें. झाडाखालची जमीन अगोदर झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते. उजाडतां उजाडतां बायका व मुलें टोपल्या घेऊन फुलें वेंचावयास जातात. उन्हांत वाळविलीं म्हणजे तीं तांबूस होतात आणि मनुकांसारखीं दिसूं लागतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. या फुलाच्या इतिहासाचें सारें रहस्य या एका गोष्टींत आहे. जें इतकें गोड आहे तें अन्न होऊं शकतें, आणि मद्यहि होऊं शकतें.

प्रथम तें अन्न होतें. भाजलेलीं, उकडलेलीं, किंवा नाचणी-वरीच्या पिठांत मिसळलेलीं मोहफुलें गरिबांच्या पोटाला आधार देत. आषाढ-श्रावणांत जुनें धान्य संपलेलें असे आणि नवें शेतांत उभें असे. तेव्हां मडक्यांत जपून ठेवलेलीं फुलें बाहेर निघत. गुरांनाहि तीं आवडतात. फुलांमागून फळ धरतें. त्याच्या बियांना मोहट्या म्हणतात, आणि त्यांचें तेल स्वयंपाकाला, दिव्याला व अंगाला लावावयास उपयोगी पडतें. एका झाडानें अन्न, तेल, सावली आणि सरपण द्यावें, आणि त्याला खत, पाणी, छाटणी यांपैकीं कांहींच मागूं नये, असें हें झाड आहे. बांधावरचा मोह शेतकरी सहसा तोडीत नाहीं, याचें कारण हेंच.

मद्य करण्याची रीतहि घरगुती भांड्यांच्या आटोक्यांतली होती. वाळलेलीं फुलें मडक्यांत पाणी घालून भिजत ठेवावयाचीं. फुलांवर आणि हवेंत असलेलें किण्व आपलें काम करूं लागतें, आणि कांहीं दिवसांत साखरेचें मद्य बनतें. मग तें आंबवण चुलीवर चढवून त्याची वाफ नळीवाटें थंड भांड्यांत उतरविली, कीं पाण्यासारखें स्वच्छ मद्य थेंबाथेंबानें गळूं लागतें. आरंभीं उतरतें तें सर्वांत तीव्र. ‘पहिल्या धारेची’ हा मराठींतला शब्दप्रयोग या भट्टीवरचाच आहे. सोयरीक ठरली, लग्न लागलें, मयताचे दिवस झाले, पेरणीपूर्वीं देवाला नैवेद्य दाखविला, अशा प्रसंगीं हें मद्य लागे. आणि पिण्यापूर्वीं त्याचे थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या व देवांच्या नांवानें सांडले जात.

घरच्या मद्याला अशी मोकळीक असावी, ही कल्पना केवळ रानांतल्या पाड्यांची नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. मद्याचीं दुकानें कशीं बांधावीं, तेथें कोणत्या सोयी असाव्यात, गिऱ्हाइकांवर नजर कशी ठेवावी, याचे त्यांत बारकाईनें नियम दिले आहेत. द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्याला तेथें ‘मधु’ म्हटलें असून कापिशायन व हारहूरक अशीं त्याचीं दोन नांवें सांगितलीं आहेत. हीं नांवें ज्या देशांत तें होई त्या देशांवरून पडलीं. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचा प्रदेश. द्राक्षाचें मद्य हें अशा थंड प्रदेशांतून येणारें, किंमतीचें मद्य होतें. परंतु याच अध्यायांत कुटुंबी गृहस्थांना कार्यप्रसंगीं घरीं पांढरी सुरा करण्यास, आणि औषधासाठीं अरिष्ट करण्यास मुभा दिली आहे. उत्सव व यात्रा यांच्या वेळींहि चार दिवसांची सवलत ठेवली आहे. बाजारांतल्या मद्यावर राजाचा कर, आणि घरच्या चुलीला प्रसंगापुरती मोकळीक, असा तो भेद होता. ज्या शास्त्रकारानें राजाच्या तिजोरीची काळजी वाहण्यांत कसूर केली नाहीं, त्यानें हा भेद राखला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

परदेशचें द्राक्षासव पश्चिम किनाऱ्यालाहि लागत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरांत इटलीचें, लाओदिकियाचें व अरबस्थानचें मद्य उतरत असल्याची, आणि त्यांत इटलीच्या मद्याला विशेष मागणी असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथांत कल्याण बंदराचेंहि नांव आहे. कल्याणहून जुन्नरकडे जाणारी वाट मुरबाडच्या मुलुखांतून नाणेघाट चढते. घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा मोठा दगडी रांजणहि आहे. वाटेवरच्या मालाचा कर रांजणांत पडे. बाजूच्या पाड्यावरच्या मडक्यांतल्या फुलांचा कर घेण्याचें मात्र त्या काळाला सुचलें नाहीं.

तें सुचावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८१८ मध्यें पेशवाई संपली आणि हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखालीं आला. पहिलीं कांहीं दशकें अबकारीचें काम मक्त्यानें चाले. लिलांवांत जो अधिक बोली बोलेल त्याला एखाद्या टापूंतील दारू विकण्याचा मक्ता मिळे. या पद्धतींत ढिलाई पुष्कळ होती, आणि त्या ढिलाईंतच पाड्यावरची चूल टिकून राहिली. १८७८ सालीं मात्र चित्र पालटलें. त्या एकाच वर्षीं दोन कायदे झाले, आणि दोहोंचा परिणाम या दोन तालुक्यांवर खोल झाला. एक हिंदुस्थानचा जंगल कायदा, आणि दुसरा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. पहिल्यानें डोंगरावरचें लांकूड, राबाचा पाला व गुरांची चराई सरकारच्या हातीं गेली. दुसऱ्यानें झाडाचा रस आणि फुलाची दारू.

नव्या अबकारी धोरणाचे प्रमुख सूत्रधार चार्ल्स प्रिचर्ड हे होते. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद कराव्या, दारू गाळण्याचें काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांत एकत्र करावें, तेथें तिची तीव्रता यंत्रानें मोजून त्या मानानें कर घ्यावा, आणि विक्रीचा मक्ता अशा माणसाला द्यावा कीं जो सरकारला ठराविक किमान उत्पन्नाची हमी देईल, असें या धोरणाचें थोडक्यांत स्वरूप होतें. कागदावर ही योजना सुटसुटीत होती. तिच्या समर्थनार्थ असेंहि सांगितलें जाई, कीं कर वाढला म्हणजे दारू महागेल आणि महागली म्हणजे लोक कमी पितील. परंतु हमीच्या रकमेंत एक खोंच होती. ज्यानें किमान उत्पन्नाची हमी दिली, त्याला आपल्या दुकानांतली दारू खपलीच पाहिजे. ती खपण्यास मुख्य अडथळा होता तो घरच्या मडक्याचा. म्हणून पाड्यावरची चूल शोधून काढणें हें सरकारी शिपायाइतकेंच मक्तेदाराच्याहि फायद्याचें काम झालें. आजवर जी गोष्ट रीत होती ती गुन्हा ठरली, आणि ज्यानें ती कधीं विकत घेतली नव्हती त्याला ती रोख पैशानें किंवा उधारीनें विकत घ्यावी लागली. डोंगरांतल्या माणसाजवळ रोख पैसा नव्हता. उधारी मात्र होती. दुकानदार हाच सावकार, आणि सावकार हाच धान्याचा व्यापारी, असा जो फांस पुढें या मुलुखाच्या गळ्याभोंवतीं आवळला गेला, त्याचा एक धागा येथें आहे.

किनाऱ्याकडे हीच गोष्ट ताडामाडांच्या बाबतींत घडली. आपल्या मालकीच्या झाडाला छेद देऊन रस काढावयाचा, तर त्या झाडावर कर भरावा लागे. वसई-माहीम भागांतील बागाईतदार व भंडारी यांनीं त्याविरुद्ध जोरानें तक्रारी केल्या. त्यांच्यांत लिहिते-वाचते लोक होते, आणि मुंबईचीं वृत्तपत्रें जवळ होतीं. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर-कातकऱ्यांना ही सोय नव्हती. जंगल कायद्याविषयींची तक्रार तरी इतकी वाढली कीं १८८५ मध्यें सरकारला ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमावें लागलें. मोहाच्या फुलासाठीं मात्र अर्ज करणारे फार थोडे होते.

कारण झाड सरकारला बंद करतां येईना. ताडाला छेद द्यावा लागतो, तो दिसतो. मोहाचें फूल आपोआप पडतें. तेव्हां सरकारनें फुलालाच हात घातला. १८९२ सालीं मोहफुलांचा एक वेगळा कायदा करण्यांत आला. तो ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं होता, आणि त्यानें मोहफुलें बाळगणें, नेणें व विकणें यांवर निर्बंध घातले. या कायद्याचा विचार करतांना एक गोष्ट दृष्टीआड होतां कामा नये. मुंबई शहराला जी देशी दारू पुरविली जाई ती मोहाचीच असे. ती मुंबईसमोरच्या उरण येथील मोठ्या भट्ट्यांत तयार होई, आणि तिच्यासाठीं लागणारीं फुलें पंचमहालासारख्या दूरच्या प्रदेशांतून येत. १८६१ मध्यें आगगाडी कसाऱ्याला पोंचली होती, आणि १८६५ मध्यें थळ घाटांतून वर गेली होती. दूरच्या झाडांचीं फुलें परवान्यानें भट्टींत जात, आणि जवळच्या झाडांचीं फुलें परवान्यावांचून घरांत ठेवतां येत नसत. फूल तेंच, दारू तीच. फरक फक्त कर कोठें भरला जातो याचा होता. सरकारला मद्य नको होतें असें नव्हे. करावांचून गाळलेलें मद्य नको होतें. आणि त्या धोरणाच्या वाटेंत गरिबाचें आषाढ-श्रावणांतलें अन्नहि आलें.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. दारूनें या मुलुखाचें अहित केलें नाहीं असें कोणीहि जाणता माणूस म्हणणार नाहीं. तिच्यापायीं घरें बसलीं, बायकांनीं मार खाल्ला, आणि कर्जाच्या कागदांवर अंगठे उठले. हें अहित डोंगरी लोकांना स्वतःलाहि कळत होतें. १९२२ सालीं ठाणें जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्तींतून देवीची एक चळवळ निघाली आणि पाहतां पाहतां ती सुरत जिल्ह्यापर्यंत पसरली. अंगांत आलेल्या माणसांच्या तोंडून देवीची आज्ञा सांगितली जाई: दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराच्या कामावर जाऊं नका. हजारों आदिवासींनीं ती आज्ञा पाळली, आणि कित्येक दुकानें ओस पडलीं. ही चळवळ कोणत्याहि कायद्यानें घडविलेली नव्हती. पिण्याचा आणि न पिण्याचा निर्णय समाजानें एकत्र बसून घ्यावा, ही तिच्यामागची शक्ति होती. दारूच्या दुकानाविरुद्ध उठणें आणि दुकानदाराच्या सत्तेविरुद्ध उठणें या दोन गोष्टी त्या लोकांच्या दृष्टीनें एकच होत्या, आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता.

स्वराज्याच्या चळवळीनें हीच मागणी देशव्यापी केली. १९३७ मध्यें मुंबई इलाख्यांत बाळ गंगाधर खेर यांचें मंत्रिमंडळ आलें, आणि डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. शेतसाऱ्याच्या खालोखाल अबकारी हेंच प्रांताचें मोठें उत्पन्न होतें; तें बुडणार म्हणून शहरांतील स्थावर मिळकतींवर नवा कर बसविण्यांत आला. युद्धामुळें मंत्रिमंडळ गेलें आणि बंदी सैल पडली. याच सुमारास डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें इलाख्यांतील डोंगरी जमातींच्या स्थितीची पाहणी करून कर्ज, वेठ आणि जमिनींची लुबाडणूक यांचें जें चित्र सरकारपुढें ठेवलें, तें पुढें बरींच वर्षें चर्चेंत राहिलें. स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदी कायदा झाला, आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध राज्यांत पूर्ण बंदी अमलांत आली. त्या कायद्यानेंहि मोहफुलांना मोकळें सोडलें नाहीं. १९५० मध्यें त्यांच्यासाठीं वेगळे नियम करण्यांत आले. परकीय सरकारनें उत्पन्नासाठीं घातलेली बेडी स्वकीय सरकारनें नीतीसाठीं कायम ठेवली. फुलाला त्यांतला फरक कळण्याचें कारण नव्हतें.

याच कायद्याविरुद्ध मुंबईचे फ्राम नसरवानजी बलसारा न्यायालयांत गेले, आणि १९५१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या खटल्याचा निकाल दिला. कायदा बहुतांशीं कायम राहिला. परंतु मद्यार्क असलेलीं औषधें व प्रसाधनें बाळगण्यावरची बंदी न्यायालयानें रद्द केली. शहरांतल्या घरांतील औषधाची बाटली आणि अत्तराची कुपी अशा रीतीनें मोकळी झाली. मुरबाडच्या पाड्यांतलीं वाळलेलीं फुलें मात्र तशींच राहिलीं. त्यांच्या वतीनें त्या खटल्यांत कोणी बोललें नाहीं.

बंदीनें दारू थांबली नाहीं. तिचें रूप बदललें. हातानें चालविलेली घरची भट्टी ती ‘हातभट्टी’. हा साधा शब्द आतां गुन्ह्याचा वाचक झाला. मोह सांपडावयास सोपा, त्याला हंगाम लागतो, वाळवण लागतें, वेळ लागतो. चोरट्या धंद्याला वेळ परवडत नाहीं. म्हणून काळा गूळ आणि नवसागर यांनीं त्याची जागा घेतली. घरच्या माणसांसाठीं गाळणारा आपल्या हाताला जपतो. अंधारांत अनोळखी गिऱ्हाइकासाठीं गाळणाऱ्याला तें बंधन नसतें. २००४ मध्यें विक्रोळीला आणि २०१५ मध्यें मालवणीला विषारी दारूनें जे बळी घेतले, त्यांतल्या एकट्या मालवणीच्या प्रकरणांत शंभराहून अधिक माणसें मेलीं. पुढें राज्यानें बंदी हळूहळू सैल केली. १९७३ मध्यें देशी दारूचे नियम झाले आणि परवान्याचीं दुकानें परत आलीं. त्या दुकानांतली देशी दारू ऊंसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची होती. ‘देशी’ हें नांव उरलें, देशांतलें फूल त्यांतून गेलें.

याच काळांत घाटावर निराळीच कथा घडत होती. कसाऱ्याचा घाट चढून गेलें कीं नाशिकचा द्राक्षांचा मुलूख लागतो. तो समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच आहे, आणि हिंवाळ्यांत तेथें रात्री चांगल्याच गार असतात. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनीं नाशिकजवळ आपल्या कुटुंबाच्या जमिनींत वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, आणि २००० सालीं ‘सुला’ या नांवानें तेथील पहिली वाइन बाजारांत आली. तिच्यांत सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या पांढऱ्या जाती होत्या. ज्या पांढऱ्या वाइनमधील साखर जवळजवळ सर्व आंबून जाते, गोडी उरत नाहीं आणि आंबटसर ताजेपणा मात्र राहतो, तिला ‘ड्राय’ म्हणतात. असा ताजेपणा राहण्यासाठीं द्राक्ष सावकाश पिकावें लागतें, आणि त्याला थंडी लागते. युरोपांत ती हवा देते. नाशिकांत पावसाळा संपल्यावर वेलाची छाटणी करून, पीक हिंवाळ्यांत पिकवून, ती युक्तीनें मिळवावी लागते. २००१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, आणि वाइनला अबकारी करांत मोठी सवलत दिली. वाइन हें शेतमालावरील प्रक्रियेचें फळ आहे, तिच्यानें शेतकऱ्याला भाव मिळतो, असा त्यामागचा विचार होता. तो विचार खोटा नाहीं. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशनहि मिळालें.

युरोपांतील कांहीं द्राक्षमळे याहून पुढें गेले आहेत. १९२४ मध्यें रुडॉल्फ श्टायनर यांनीं कोबरवित्झ येथें शेतीवर व्याख्यानें दिलीं. त्यांतून जी पद्धति निघाली तिचे अनुयायी रासायनिक खत वापरीत नाहींत, गाईच्या शिंगांत शेण भरून तें हिंवाळाभर जमिनींत पुरतात, आणि चंद्राच्या गतीवरून कामाचे दिवस ठरवितात. एका कुटुंबानें आपल्या हातानें अशा रीतीनें पिकविलेल्या द्राक्षांच्या वाइनला तेथें मोठा मान व मोठी किंमत मिळते. जें मानवी हातानें कमींत कमी बिघडविलेलें, एका विशिष्ट जमिनीचें आणि एका घराचें, त्याची चव निराळी, ही त्यामागची श्रद्धा आहे. ही कसोटी लावावयाची, तर शहापूरच्या बांधावरच्या मोहाला तींत नापास करणें अवघड आहे. त्याला खत कोणीं घातलें नाहीं, औषध कोणीं फवारलें नाहीं, छाटणीहि कोणीं केली नाहीं. अर्थात् वाइन आंबवून थांबते आणि मोहाचें मद्य वाफेनें गाळलें जातें. तें कितीतरी अधिक तीव्र असतें, आणि हा फरक प्रकृतीच्या दृष्टीनें लहान नव्हे. परंतु एकाच राज्यांत घाटाच्या माथ्यावरचें फळ शेतीचा गौरव ठरावें, आणि घाटाच्या पायथ्याचें फूल गुन्ह्याचा मुद्देमाल ठरावें, याचें सारें स्पष्टीकरण मद्याच्या तीव्रतेंत सांपडत नाहीं. तें इतिहासांत सांपडतें.

अलीकडे हा इतिहास वळण घेऊं लागला आहे. गोव्यानें काजूच्या फेणीला २००९ मध्यें भौगोलिक निर्देशन मिळविलें. मध्य प्रदेशानें मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली. आणि महाराष्ट्रानें २०२१ मध्यें मोहफुलें गोळा करणें व बाळगणें यांवरील जुने निर्बंध उठविले. लाडू, मुरंबा, सरबत अशा रूपानें फूल पुन्हां अन्न म्हणून बाजारांत येऊं लागलें आहे. याहून महत्त्वाची गोष्ट १९९६ च्या पेसा कायद्याची. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी, आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री व वापर नियंत्रित करण्याचा अधिकार त्या कायद्यानें मान्य केला. महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१४ मध्यें झाले. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील कांहीं गांवें या अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. शिवाय गांवांतलें दारूचें दुकान बंद करावें कीं नाहीं यावर बायकांचें मतदान घेण्याची तरतूद राज्यांत आहे. ‘उभी बाटली’ कीं ‘आडवी बाटली’ या दोन चिन्हांवर तें मतदान होतें. पहांटे मोहाखालीं फुलें वेंचणारी जी बाई, तिलाच दारूच्या दुकानाबद्दल निर्णय देण्याचा हक्क मिळावा, हें न्यायाला धरून आहे. घरांत दारू आली तर पहिला घाव तिच्यावर पडतो, आणि फूल गेलें तर पहिली उपासमारहि तिचीच होते.

दीडशें वर्षांच्या या कथेंतून एक गोष्ट उघड होते. मक्तेदारानें दारू खपविण्यासाठीं घरची चूल बंद केली, आणि दारू वाढली. पुढें सरकारनें नीतीसाठीं सारीं दुकानें बंद केलीं, आणि विष वाढलें. १९२२ मध्यें आदिवासींनीं स्वतः ठरविलें तेव्हां मात्र कोणत्याहि शिपायावांचून दुकानें ओस पडलीं. मद्य प्यावें कीं न प्यावें याचा निर्णय ज्यांच्या घरावर त्याचे परिणाम होतात त्यांच्याकडून काढून घेतला, म्हणजे तो निर्णय नेहमीं महसुलाच्या बाजूनें झुकतो, असा या दोन तालुक्यांचा अनुभव आहे. ग्रामसभेच्या हातीं आतां जो अधिकार आला आहे, तो ती कसा वापरील यावर पुढचा इतिहास अवलंबून राहील. तोंपर्यंत फाल्गुन येईल, पानें झडतील, आणि पहांटेच्या काळोखांत मोहाचीं फुलें, परवान्याची वाट न पाहतां, जमिनीवर पडत राहतील.